झरियाची खचती भूमी

'गोफ' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सोन्याचा पिळदार दागिना उभा राहतो, नाही तर गोकुळाष्टमीच्या दिवसांतला, रंगीत दोऱ्यांची वेणी विणीत फेर धरण्याचा खेळ. धनबाद आणि झरियाच्या कोळसाप्रदेशात हाच शब्द रोजच्या बोलण्यात व हिंदी वर्तमानपत्रांत अगदी निराळ्या अर्थाने वावरतो. तेथे गोफ झाला म्हणजे अंगणात, रस्त्यात अथवा घराच्या भिंतीलगत जमीन एकाएकी आत गेली आणि भगदाड पडले. शब्द मूळचा इंग्लंडमधील खाणकामगारांचा. कोळसा काढून नेल्यावर जमिनीच्या पोटात जी मोकळी जागा उरते, तिला ते हे नाव देत. झरियात आल्यावर शब्दाचा अर्थ पोटातून पृष्ठावर सरकला. त्याच्या आधी ती पोकळीही वर सरकलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अर्थांतरात नवल वाटण्याजोगे काही राहत नाही.

ही पोकळी कोणी केली, ती वर कशी सरकली आणि ती नेमकी कोठे आहे हे आज कोणालाच खात्रीने का सांगता येत नाही, हा झरियाच्या इतिहासाचा गाभा आहे.

भारतातील कोळशाच्या खाणकामाचा आरंभ झरियात झाला नाही. तो तेथून पूर्वेला, दामोदर नदीच्याच खोऱ्यात, राणीगंजच्या परिसरात झाला. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, 1774 साली, सम्नर आणि हीटली या कंपनी सरकारच्या दोन नोकरांना तेथे कोळसा खणण्याचा परवाना मिळाला. माल हलका ठरला आणि उद्योग मागे पडला. पुढे 1836 मध्ये द्वारकानाथ टागोरांच्या कार, टागोर आणि कंपनीने राणीगंजची खाण विकत घेतली. 1843 मध्ये बेंगाल कोल कंपनी स्थापन झाली. आणि 1855 मध्ये हावड्याहून आगगाडी राणीगंजपर्यंत पोचली, तेव्हा या धंद्याला खरी गती आली. आगगाडीला कोळसा हवा होता आणि कोळशाला आगगाडी. झरियाचे कोळसाक्षेत्र भूस्तरशास्त्रज्ञांनी 1866 पासून पाहून ठेवले होते, परंतु तेथे लोहमार्ग पोचण्यास 1894 साल उजाडावे लागले. मग मात्र विलंब झाला नाही. दामोदरच्या उत्तरेस विळ्याच्या आकारात पसरलेला सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश. त्यात एकावर एक अठरा क्रमांकित थर, आणि वरच्या थरांत पोलाद गाळण्यास लागणारा असा उत्तम कोळसा, जो भारतात अन्यत्र फारच थोडा सापडतो. तो जमिनीपासून फार खोलही नव्हता. ही गोष्ट त्या वेळी मोठी भाग्याची वाटली.

काम करण्याची पद्धत सोपी होती. थरात उभ्या-आडव्या गल्ल्या खोदीत जावयाचे आणि मधून मधून कोळशाचेच चौकोनी खांब राखावयाचे, म्हणजे छत डोक्यावर येत नाही. पहिल्या फेरीत अशा रीतीने बराचसा कोळसा खांबांच्या रूपाने आतच राहतो. दुसऱ्या फेरीत ते खांब काढावयाचे आणि छत आपल्या मागे कोसळू द्यावयाचे. शहाणपणाने केले तर यात गैर काही नाही; युरोपात हे शतकानुशतके चालत आले होते. परंतु झरियात खांब किती जाड राखावे हे भूस्तराने ठरविले नाही, ते पट्ट्याने ठरविले. जमिनीखालचा हक्क जमीनदारांचा. ते लहान लहान तुकडे भाड्याने देत, आरंभी सलामी घेत आणि पुढे टनामागे स्वामित्वशुल्क. टनावर पैसे मिळणाऱ्या धन्याला खांबाची काळजी असण्याचे कारण नव्हते, आणि काही वर्षांसाठी तुकडा घेतलेल्या खाणमालकाला ती परवडणारी नव्हती. भाव चढला की खांब चारी बाजूंनी तासावे, भाव पडला की खाण सोडून द्यावी. इंग्रज खाणकामगारांच्या भाषेत या तासण्याला खांब लुटणे असे नावच होते. नाव ठेवणाऱ्यांना आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

खांब लुटण्याचा एक परिणाम तत्काळ दिसतो व एक सावकाश दिसतो. तासलेल्या खांबावर भार वाढतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि गल्लीत कोळशाचा भुगा साचतो. कोळसा हवेतील प्राणवायू सतत शोषीत असतो आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. अखंड थरात ती निघून जाते. भुग्याच्या ढिगात ती कोंडते. ढीग तापत तापत अखेर आपण होऊन पेट घेतो. काडी कोणी लावावी लागत नाही. झरियाक्षेत्रात अशा आगीची पहिली नोंद 1916 साली भौंरा येथे झाली. पहिल्या महायुद्धामुळे कोळशाला त्या वेळी चांगली मागणी होती. आग विझविण्यासाठी खाण बंद करणे सोयीचे नव्हते.

मग 1930 साल आले. खुद्द झरिया गावाखाली सेठ खोरा रामजी यांच्या घराण्याच्या खाणी होत्या. खोरा रामजी हे मूळचे कच्छचे. रेल्वेची कंत्राटे घेत या प्रदेशात आले आणि युरोपीय कंपन्यांच्या मक्तेदारीत शिरकाव करून घेणाऱ्या आरंभीच्या भारतीय खाणमालकांत गणले गेले. 1923 मध्ये त्यांचे निधन झाले होते. 8 नोव्हेंबर 1930 रोजी त्यांच्या खास झरिया आणि गोल्डन झरिया या खाणी जमिनीखालच्या आगीमुळे बसल्या. खाणींची खोली जास्तीत जास्त 260 फूट होती. वरची जमीन 18 फुटांनी खाली गेली आणि तीबरोबर खाणमालकांचे घर व बंगलाही गेला. भूमी खचण्याच्या या कहाणीत मालकाचेच घर प्रथम जावे, हा प्रकार पुढे क्वचितच घडला. 1933 मध्ये भेगांतून ज्वाला दिसू लागल्या व अनेक कुटुंबांनी गाव सोडले. 1934 च्या बिहारच्या भूकंपाने भेगा रुंदावल्या आणि आगीला आणखी वाटा मिळाल्या. 1938 पर्यंत झरियाक्षेत्रातील 133 खाणींपैकी 42 खाणींत आग असल्याचे सांगण्यात आले.

अठरा फूट जमीन खाली जाते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी दोन प्रकार वेगळे पाहावे लागतात. एकात जमीन वाटीसारखी बसते, दुसऱ्यात तिला भोक पडते.

मोठ्या क्षेत्रातले खांब काढले किंवा जळून गेले, की वरचा सगळा खडक वाकून खाली येतो आणि पृष्ठभागावर एक उथळ, पसरट खळगा तयार होतो. हा खळगा खालच्या खोदकामापेक्षा रुंद असतो, म्हणून जिच्या खाली कधीच कोणी खणले नाही अशी काठावरची जमीनही त्यात ओढली जाते. येथे सामान्य समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आहे. सर्वांत जास्त खाली जाते ते खळग्याच्या मध्यावरचे घर. पण तेच पुष्कळदा सर्वांत कमी मोडते, कारण ते सगळेच्या सगळे सारखे खाली उतरते. मोडते ते काठावरचे. तेथे जमीन ताणली जाते, एक कोपरा बसतो व दुसरा राहतो. भिंत कर्णरेषेत फुटते, दार चौकटीत अडकते, नळ सांध्यात तुटतो. भेगाही काठालाच पडतात. आणि या भेगा केवळ नुकसानीच्या खुणा म्हणून राहत नाहीत, त्या नळकांड्यांचे काम करतात. त्यांतून हवा खाली जाते, आग वाढते, आणखी खांब जळतात, आणखी जमीन बसते आणि नव्या भेगा पडतात. झरियाचे दुर्दैव या चक्रात आहे. आग आणि खचणे ही तेथे दोन संकटे मानणे चुकीचे होईल.

दुसरा प्रकार गोफाचा. उथळ जागी एखादी एकटी गल्ली राहिलेली असते. तिच्या छताचा एक थर गळून पडतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. पोकळी भरत नाही. ती वर चढते. पण ती अनंत काळ चढू शकत नाही, कारण फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा अधिक जागा व्यापतो. तीन घमेली खडक फुटून चार घमेली राडारोडा होतो असे धरले, तर तीन मीटर उंचीची गल्ली सुमारे नऊ मीटर वर चढल्यावर आपल्याच पडझडीने गच्च भरते आणि थांबते. वर तीस-चाळीस मीटर घट्ट खडक असेल तर जमिनीवरच्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. परंतु वर सात-आठ मीटरच असतील, तर शेवटचा थर माणसाच्या पायाखालचाच असतो. आणि तो एका क्षणात पडतो. त्यातच पावसाचे पाणी वाहत आले आणि त्याने राडारोडा धुऊन खालच्या गल्ल्यांत नेला, तर नऊ मीटरांचा हिशेबही चुकतो. पावसाळ्यात असे अपघात का वाढतात, याचे एक उत्तर येथे आहे. झरियाचा उत्तम कोळसा जमिनीच्या जवळ असणे भाग्याचे वाटले होते, असे वर म्हटले ते या संदर्भात पुन्हा आठवावे.

जमीन खचू लागली हे ओळखण्याच्या जुन्या खुणा त्या प्रदेशात घरोघरी ठाऊक आहेत. गिलाव्यावर केसाएवढी रेघ उमटते. विहिरीचे पाणी एका रात्रीत तळाला जाते. पहिल्या पावसात एखाद्या जागेतून वाफ निघते, फरशी उबदार लागते. अभियंत्यांचे साधन अनेक वर्षे समपातळी मोजण्याची दुर्बीण हेच होते. जमिनीत खुंटांची ओळ ठोकावयाची, दूर घट्ट खडकावर एक पक्की खूण धरावयाची आणि ठराविक दिवसांनी प्रत्येक खुंटाची उंची पुन्हा घ्यावयाची. काम कंटाळवाणे, पण अत्यंत विश्वासाचे. 1990 नंतरच्या दशकांत कृत्रिम उपग्रहांनी या कामाला वेगळेच परिमाण दिले. उपग्रह पाच-सहा सेंटीमीटर लांबीच्या रडारलहरी जमिनीकडे सोडतो आणि परावर्तित लहर टिपतो. काही दिवसांनी तो त्याच कक्षेतून पुन्हा जातो. दोन वेळच्या लहरींची मांडणी ताडून पाहिली की जमीन मधल्या काळात एखादा सेंटीमीटरभर जरी सरकली असेल तरी ते कळते. उष्णतेची छायाचित्रे घेणारे उपग्रह त्याच प्रदेशावरून रात्री जातात आणि जमिनीचा कोणता पट्टा भोवतालापेक्षा अधिक तापलेला आहे हे दाखवितात.

या साधनांविषयी उत्साहाने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रडार सावकाश बसणारा विस्तीर्ण खळगा फार चांगला पाहते. गोफ त्याला दिसत नाही. जो खड्डा दोन-तीन मीटर रुंद आहे, ज्याचे छत आदल्या दिवसापर्यंत तसूभरही हललेले नाही, तो आकाशातून ओळखण्याचा उपाय अजून हाती नाही. पोकळी असण्याचा संशय असेल तर विद्युत्प्रवाहाने जमिनीचा रोध मोजून पाहता येतो, अखेर छिद्र घेऊनही पाहता येते. पण छिद्र कोठे घ्यावयाचे? साडेचारशे चौरस किलोमीटर जमीन सुईने टोचून पाहता येत नाही. येथे सगळ्या यंत्रांच्या आधी एका साध्या कागदाची गरज पडते. तो कागद म्हणजे खाणीचा नकाशा.

आणि नकाशा नाही.

इंग्लंडमध्ये सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा सरकारजमा करण्याची सक्ती 1872 च्या कायद्याने झाली. भारतात खाणींचा पहिला कायदा 1901 चा. तोपर्यंत राणीगंजकडे सव्वाशे वर्षे खणून झाले होते. कायदा आल्यानंतरही नकाशा काढणे वेगळे आणि खरा नकाशा काढणे वेगळे. ज्याने शेजाऱ्याच्या हद्दीत दहा हात गल्ली नेली, तो ती कागदावर कशाला दाखवील? ज्याने खांब ठरल्यापेक्षा अधिक तासले, तो नकाशात ते पहिल्याइतकेच जाड राखीत असे. खाणी विकल्या गेल्या, कंपन्या बुडाल्या आणि कागद हरवले. काही जागी तर कोळसा मुळातच चोरून काढला जातो. तेथे नकाशाचा प्रश्नच उद्भवत नाही.

या अज्ञानाची किंमत जमिनीवरच्या माणसांप्रमाणे जमिनीखालच्यांनीही दिली आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी झरियाक्षेत्रातील चासनाला खाणीत वरच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी घुसले आणि 375 कामगार बुडाले. 1989 च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत जुन्या खोदकामातले पाणी असेच फुटले. तेथे जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून छिद्र घेऊन, पोलादी कुपीतून एकेकास वर काढून 65 जणांना वाचविले; सहा जण दगावले. गिल यांच्या धैर्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. त्या जुन्या पोकळीची कथा सहसा सांगितली जात नाही.

महाराष्ट्रालाही हा विषय परका राहिलेला नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर आहेत आणि त्यांवरही जुने भूमिगत खोदकाम झालेले आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस गावी एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गेले. घरातील माणसे हादरा जाणवताच बाहेर धावली म्हणून वाचली. ज्या वस्तीत हे घडले तिच्या खाली फार जुनी, बंद पडलेली खाण होती. घराला पाया होता, भिंती होत्या. पायाच्या खाली काय आहे ते मात्र बांधणाऱ्याला कोणीही सांगितलेले नव्हते.

झरियापुरता विचार केला तर उपाय कोणी योजिलेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1936 च्या डिसेंबरात राणीगंजकडील पोईडीह येथील स्फोटात 209 माणसे मेल्यानंतर सरकारने समिती नेमली आणि 1939 मध्ये पोकळ्या वाळूने भरण्यासंबंधीचा कायदा केला. कोळशावर कर बसवावयाचा आणि त्या पैशातून दामोदरची वाळू पाण्याबरोबर नळातून खाली सोडून पोकळी भरावयाची, अशी ती योजना होती. उपाय अचूक होता. वाळूने भरलेली पोकळी थोडी दबते, पण कोसळत नाही; आणि तिच्यात हवा फिरत नसल्याने आगही पसरत नाही. परंतु वाळू आणण्यास, वाहण्यास आणि भरण्यास पैसा लागतो, आणि ती भरली गेली की नाही हे पाहण्यासाठी खाली उतरणारा माणूस प्रामाणिक असावा लागतो. वाळू भरल्याची नोंद कागदावर करणे त्या मानाने फार स्वस्त पडते.

1971 ते 1973 या काळात कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्यानंतर झालेल्या पाहणीत झरियाक्षेत्रात 70 आगी, 17.32 चौरस किलोमीटर जमिनीखाली पसरलेल्या आढळल्या. खाजगी मालकांनी केलेली नासाडी राष्ट्राच्या पदरी पडली, हे खरे. त्यानंतर भूमिगत काम कमी होत गेले आणि उघड्या खाणी वाढल्या. जळता कोळसा वरून खणून काढला की आग संपते, असा त्यामागचा एक युक्तिवाद होता व त्यात तथ्यही आहे. आगीची ठिकाणे 77 वरून 27 वर आली, असे सरकारी पाहणीचे अलीकडचे आकडे सांगतात. पण उघडी खाण म्हणजे सुरुंग, धूळ आणि जुन्या गल्ल्यांना एका बाजूने सताड उघडे पडलेले तोंड. त्या तोंडातून हवा आत जाते. एका टोकाला विझविलेली आग दुसऱ्या टोकाला वाट शोधते.

आणि वर माणसे राहतातच. 1997 मध्ये राणीगंजकडील खासदार हराधन रॉय यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. त्यातून आराखडे तयार झाले आणि 12 ऑगस्ट 2009 रोजी केंद्र सरकारने 7,112 कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. एकट्या झरियाक्षेत्रात 595 धोक्याच्या जागा मोजल्या गेल्या. बेलगड़िया येथे नवी वसाहत उभी राहिली. परंतु लोक अपेक्षेप्रमाणे गेले नाहीत. याचा दोष अडाणीपणाला देण्याची पद्धत आहे. वस्तुतः हिशेब निराळा होता. जळत्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाचे पोट त्याच जमिनीवर चालते: खाणीतील मजुरी, कोळसा वेचून सायकलीवरून विकणे, बाजारातले दुकान. नव्या वसाहतीत दोन खोल्या होत्या, काम नव्हते. खचणारी जमीन एखाद्या दिवशी मारील, पण रिकामे पोट उद्याच त्रास देईल, असा विचार करणाऱ्यास मूर्ख कसे म्हणावे? शिवाय जागेची कागदपत्रे असलेला आणि नसलेला असा भेद योजनेनेच केलेला होता. चार पिढ्यांपूर्वी खाणीत काम करण्यासाठी ज्यांना आणून वसविले गेले, त्यांच्यापैकी कितीजणांपाशी अशी कागदपत्रे असणार?

2017 च्या मे महिन्यात झरियाच्या इंदिरा चौकात एक बाप आणि त्याचा मुलगा गोफात गेले. त्यांच्या घरासमोरची जमीन होती ती. पुढच्याच महिन्यात, 15 जूनला, धनबाद ते चंद्रपुरा हा लोहमार्ग खालच्या आगीमुळे बंद करण्यात आला. त्यावरून गाड्या पुन्हा सुरू होण्यास 2019 उजाडले. लोहमार्ग बंद झाल्याची वार्ता देशभर गेली.

2009 च्या योजनेची मुदत 2021 मध्ये संपली. 25 जून 2025 रोजी मंत्रिमंडळाने 5,940 कोटी रुपयांच्या सुधारित योजनेस मान्यता दिली. तीत सर्वांत धोक्याच्या जागांवरील कुटुंबांना प्रथम हलवावयाचे आहे आणि, मागील अनुभवावरून शहाणे होऊन, प्रत्येक कुटुंबास उपजीविकेसाठी एक लाख रुपयांचे अनुदान व तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय ठेविली आहे. कागदपत्रे असलेल्यांस आणि नसलेल्यांस, दोघांसही. कोणती जागा सर्वांत धोक्याची हे ठरविण्यासाठी उपग्रहांच्या आकृत्या आहेत, तापमानाची मोजमापे आहेत, आणि खाणींच्या कचेऱ्यांत उरलेले जुने नकाशे आहेत. त्या नकाशांत खांब अजूनही जाड दाखविलेले आहेत.